काकांनी सांगितलेली गोष्ट अर्धीच आहे

वाचकाचं पत्र:

ताई, मी २६ वर्षांची. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून गेली तीन वर्षं बोईसरजवळच्या एका औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात आहे. दिवसभर एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावर सॅम्पल लावायचे, आलेखातले उंचवटे म्हणजे पीक बघायचे, सह्या करायच्या. मला जायचं होतं नवीन औषध शोधणाऱ्यांत. आर अँड डीच्या दोन मुलाखती दिल्या. एकीकडे पीएचडी नाही म्हणून परत पाठवलं, दुसरीकडे अर्धा तास लग्न कधी, लग्नानंतर काय, हेच चाललं. घरी पीएचडीचा विषय काढला की काका सुरू होतात, ‘अमेरिकेतल्या त्या गर्ट्रूड एलियनला पीएचडी नसताना नोबेल मिळालं. डोकं असलं की डिग्री लागत नाही. तू आधी लग्नाचं बघ.’ (काका हे सगळं रोजची युरिक अ‍ॅसिडची गोळी घेता घेता सांगतात!) आता मलाच कळेना झालंय. पीएचडीचा हट्ट सोडू का?
— नाव छापू नका, बोईसर

ताईंचं उत्तर:

तुझ्या पत्रातलं कंसातलं वाक्य मला सगळ्यात आवडलं. का ते पुढे सांगते. काकांची गोळी आणि काकांचं उदाहरण, दोन्ही एकाच घरातली आहेत.

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. हट्ट सोडू नकोस. पण सोमवारी जाऊन राजीनामाही ठेवू नकोस.

आता काकांचं. माहिती त्यांची चुकलेली नाही. एलियनबाईंना (परग्रहावरच्या नव्हेत, न्यूयॉर्कच्या) १९८८ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं, जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर. आणि अभ्यास करून, प्रबंध लिहून मिळवलेली पीएचडी त्यांच्याकडे नव्हती. पण काकांच्या सांगण्यावरून वाटतं, की बाईंनी डिग्रीकडे बघून नाक मुरडलं आणि नोबेल घेऊन आल्या. तसं झालेलं नाही. डिग्री त्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी किती खेटे घातले ते ऐक, आणि रविवारी जेवणाच्या ताटावर काकांनाही ऐकव.

एलियन १९१८ सालच्या. वडील दंतवैद्य, बाहेरून अमेरिकेत आलेले. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत घरचा पैसा गेला. मुलगी शिकली ती केवळ शहराच्या हंटर कॉलेजात फी नव्हती म्हणून. पंधराव्या वर्षी तिने आजोबांना पोटाच्या कॅन्सरने जाताना पाहिलं आणि रसायनशास्त्र धरलं. एकोणिसाव्या वर्षी, १९३७ मध्ये, अव्वल श्रेणीत पदवी घेतली. पुढे शिकायला मदत मिळावी म्हणून पंधरा विद्यापीठांकडे अर्ज केले. पंधराही ठिकाणांहून नकार. एका मुलाखतीत तर सांगितलं, की बाई प्रयोगशाळेत आली तर बाकीच्यांचं लक्ष विचलित होईल.

हे वाचून ‘अमेरिकेतही?’ असं म्हणणार असशील, तर त्याच दशकात आपल्याकडे काय चाललं होतं तेही बघ. कमला भागवत, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी आधी नाहीच म्हटलं. मग घेतलं ते अटी घालून. वर्षभर फक्त प्रोबेशन, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. तुला लग्नाबद्दल विचारणारे महाशय आकाशातून पडलेले नाहीत, त्यांचं घराणं जुनं आहे.

तर एलियनने काय केलं? टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासला नाव घातलं. हो, पुढे नोबेल मिळवणारी बाई सहा आठवडे सेक्रेटरी व्हायला शिकत होती. मग नर्सिंगच्या मुलींना तीन महिने बायोकेमिस्ट्री शिकवायचं काम मिळालं. मग एका केमिस्टच्या हाताखाली फुकट काम, फक्त हात चालता राहावा म्हणून. तिथून निघेपर्यंत पगार आठवड्याला २० डॉलरवर आला होता. त्यातून पैसे साठवून न्यूयॉर्क विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. वर्गात मुलगी एकटीच. दिवसा शाळेत बदली शिक्षिका, रात्री आणि शनिवार-रविवारी प्रयोगशाळा. १९४१ मध्ये डिग्री हातात आली.

आणि मग नोकरी कुठली मिळाली असेल? क्यूसी! तीही औषधांची नाही, किराणा मालाची. लोणच्याची आंबटाई मोजायची, मेयोनीजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग तपासायचा. तू निदान गोळ्या तपासतेस. दीड वर्ष तिने ते इमानाने केलं. यंत्रं हाताळायला शिकली. आणि इथे शिकण्यासारखं उरलं नाही असं वाटल्यावर तसं सांगून निघाली.

इथे मी जरा थांबते, कारण मीही चार वर्षं क्यूसीत काढली आहेत. कंपनीचं नाव घेत नाही. तिथे एका गोळीच्या आलेखात मुख्य पीकच्या शेपटीजवळ एक बारीकसा उंचवटा दिसायचा. प्रत्येक बॅचला नाही, पावसाळ्यातल्या बॅचना. मर्यादेत होता, त्यामुळे बॅच पास. मी साहेबांना विचारलं, हे काय असेल? ते म्हणाले, ‘स्पेकमध्ये आहे ना? मग सही कर.’ केली. बाई, आज तीस वर्षं झाली, तो उंचवटा कशाचा होता ते मला माहीत नाही. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही, क्यूसीचं काम ‘बसतं का’ एवढंच विचारायचं आहे. पण ज्याच्या डोक्यात ‘का’ वळवळतो त्याने तिथे फार वर्षं राहू नये. तुला तसे उंचवटे दिसतात का, आणि दिसले की घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये आठवतात का? आठवत असतील, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहीत आहे.

परत एलियनकडे. दार उघडलं ते दोन गोष्टींमुळे. एक, महायुद्ध. पुरुष लढायला गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या, आणि काल ज्यांच्यामुळे लक्ष विचलित होणार होतं त्या बायका एकाएकी चालायला लागल्या. दुसरी गंमतशीर. वडिलांच्या दवाखान्यात बरोज वेलकम या कंपनीची वेदनाशामक गोळी यायची. ते म्हणाले, इथे विचारून बघ. तिने विचारलं. १९४४ मध्ये जॉर्ज हिचिंग्ज यांची सहायक म्हणून न्यूयॉर्कजवळ टकाहो इथे रुजू झाली.

आता काकांना हा भाग नीट सांग, कारण सगळी मेख इथे आहे. हिचिंग्जनी तिला सांगितलेलं तेवढंच कर म्हणून बसवून ठेवलं नाही. संयुगं बनवायला घेतलेल्या केमिस्टला ती संयुगं जंतूंवर काय करतात ते बघावंसं वाटलं, बघू दिलं. शरीरात गेल्यावर त्यांचं काय होतं ते शोधावंसं वाटलं, शोधू दिलं. निबंध तिच्या नावाने छापू दिले. रसायनशास्त्रातून निघालेली बाई जीवरसायन, औषधशास्त्र, प्रतिकारशक्ती, विषाणू असं करत कुठल्या कुठे गेली.

आणि हे चालू असतानाच ती पीएचडीला बसली होती! दिवसभर काम, संध्याकाळी टकाहोहून ब्रुकलिन पॉलिटेक्निकपर्यंत लांबचा प्रवास, रात्री तास. दोनेक वर्षं असं रेटल्यावर तिथल्या डीननी सांगितलं, अशी अर्धवेळ पीएचडी होत नाही, नोकरी सोडून पूर्णवेळ या. तिने नोकरी सोडली नाही, पीएचडी सोडली.

यावरून काका ‘डिग्री लागत नाही’ असा निष्कर्ष काढतात. मी वेगळा काढते. डिग्री कशाला हवी असते? जिथे प्रश्न विचारायचा पगार मिळतो अशा खोलीत शिरायला. एलियन त्या खोलीत आधीच बसली होती. डिग्रीसाठी तिला खोलीतून उठून जा म्हणत होते, म्हणून ती उठली नाही. तू अजून दाराबाहेर उभी आहेस, आणि दारावरचा माणूस डिग्रीच मागतोय. एकाच उदाहरणावरून दोघींना एकच सल्ला कसा लागू पडेल?

आणि खोलीत बसून तिने केलं काय, तेही ऐक, केमिस्ट आहेस तर तुला चव कळेल. पेशी वाढायची तर तिला डीएनएसाठी प्युरिन नावाच्या रेणूंच्या विटा लागतात. कॅन्सरची पेशी काय, जंतू काय, भराभर वाढतात, म्हणजे विटाही भराभर लागतात. मग हुबेहूब दिसणारी पण खोटी वीट दिली तर? बांधकाम अडेल. लक्षात घे, डीएनएची रचना कळली १९५३ मध्ये, यांचं काम त्याआधीपासून चालू होतं. चाचणीला लॅक्टोबॅसिलस केसी हा जंतू, दुधाला आंबवणाऱ्या, आपल्या विरजणाच्या गोतावळ्यातला. संयुग घालायचं आणि नळीतला जंतू वाढतो की खुंटतो ते बघायचं. १९५१ पर्यंत शंभरावर प्युरिन अशी बनवून तपासून झाली होती. त्यातल्या एकात हायपोझँथिन या प्युरिनच्या सहाव्या जागेवरचा ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवलेलं. ते ६-मर्कॅप्टोप्युरिन.

एक अणू बदलला, एवढंच. तोवर रक्ताचा कॅन्सर झालेली निम्मी मुलं तीन-चार महिन्यांत जायची. हे औषध दिल्यावर मुलं उठून बसायला लागली. १९५३ मध्येच अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पण थांब, लगेच टाळ्या वाजवू नकोस. बरीच मुलं वर्षभराने परत आजारी पडली आणि गेली. त्याच्याही आधी, त्यांच्या एका आधीच्या संयुगावर, एक तेवीस वर्षांची तरुणी सुधारली होती. इतकी, की तिला मूल झालं. दोनेक वर्षांनी आजार उलटला आणि ती गेली. पुढे कितीतरी वर्षांनीही तिच्याबद्दल बोलताना एलियनबाईंचे डोळे भरून यायचे. संशोधनात जायचंय म्हणतेस ना? तिथे असेही दिवस येतात. पुढे ते औषध इतर औषधांच्या जोडीने द्यायला लागले, आणि आज चांगले उपचार मिळाले तर या आजाराची दहातली आठ-नऊ मुलं बरी होतात. ती गोळी आजही त्यांच्या उपचारात असते.

आता काकांची गोळी. ६-मर्कॅप्टोप्युरिन शरीरात गेलं की झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम त्याची वाट लावतं. या लोकांनी ठरवलं, एन्झाइमलाच अडवू, म्हणजे औषध जास्त टिकेल. त्यासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल वापरून बघितलं. आणि मग डोक्यात प्रकाश पडला, की शरीरात युरिक अ‍ॅसिड बनवणारं एन्झाइमही तेच! म्हणजे गाऊटचं, युरिक अ‍ॅसिड साचून सांधे सुजतात त्या आजाराचं, औषध आयतं हातात. १९६६ पासून ते बाजारात आहे. काकांच्या पट्टीवरचं बारीक अक्षर वाच. युरिक अ‍ॅसिडची औषधं आता दोन-तीन प्रकारची मिळतात, पण अ‍ॅलोप्युरिनॉल लिहिलेलं निघालं तर काका रोज सकाळी ज्या बाईचं उदाहरण देतात, तिचंच औषध गिळतात. (गोळी मात्र बंद करायला लावू नकोस. वादात काकांचा अंगठा सुजायला नको.)

बाकीचं भराभर सांगते. त्याच ६-मर्कॅप्टोप्युरिनला थोडं मुखवट्यात गुंडाळून अ‍ॅझाथायोप्रिन केलं. त्याच्या जोरावर १९६२ मध्ये नात्यातल्या नसलेल्या माणसाची किडनी बसवून टिकवता आली. आणि नागीण झाली की डॉक्टर ज्या अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात, तेही एलियनच्या विभागातलं. त्याची युक्ती मला फार आवडते. ते औषध निरोगी पेशीत जवळजवळ निपचित पडून राहतं. नागिणीच्या विषाणूकडे स्वतःचं एक एन्झाइम असतं, ते या औषधाला हात लावतं आणि तिथेच ते जागं होतं. विषाणूच आपल्या हाताने आपला मारेकरी जागा करतो. १९८२ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं. तोवर विषाणूला मारायचं तर पेशीही मरणार, असंच बहुतेकांना वाटत होतं.

१९६७ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या. १९६९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, म्हणजे नावामागे ‘डॉक्टर’ लागायला पन्नाशी उलटावी लागली. ज्या ब्रुकलिनच्या संस्थेने अर्धवेळ चालणार नाही म्हटलं होतं, तिनेही १९८९ मध्ये दिली. नोबेलनंतर! आपल्याकडेही सत्काराचे नारळ असेच वेळेवर येतात.

लग्नाबद्दल. काका हेही ऐकवतील, की बाईंनी लग्न केलं नाही म्हणून जमलं. खोटं आहे. त्यांचं लग्न ठरलं होतं. १९४१ मध्ये त्या मुलाच्या हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला. पेनिसिलीन सगळ्यांच्या हाती यायला आणखी काही वर्षं होती. नंतर त्यांनी लग्न केलं नाही, आणि ऑपेरा, फोटोग्राफी, प्रवास यांत मजेत जगल्या. त्यातून कुणी ‘संशोधन की संसार’ असा प्रश्न काढू नये, ना तुझ्यापुढे ना इतर कुणापुढे. तुला लग्न करायचं असेल तर कर. फक्त ‘आधी’ हा शब्द काकांचा आहे, तुझा आहे का ते बघ.

आता कामाचं. एलियनला जी वाट बंद होती ती तुला उघडी आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अर्धवेळ पीएचडी करता येते, कंपनीकडून ना हरकत पत्र लागतं. बायकांना मुदतीत दोन वर्षं जास्त मिळतात, आणि बाळंतपण-संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. हा कागद छापून काकांपुढे ठेव. पण कंपनी पत्र देईल का, आणि शिफ्ट सांभाळून प्रयोग कुठे करशील, याचं उत्तर आधी मिळव. नुसतं नाव नोंदवून सात वर्षं ताटकळलेले लोक मी पाहिलेत.

माझं मन विचारशील तर दुसरी वाट. नोकरी करता करता सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेची तयारी कर. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. वयोमर्यादेत मुलींना पाच वर्षांची सवलत आहे, तेव्हा घड्याळ इतकं धावत नाहीये. पुण्याची एनसीएल, माटुंग्याची आयसीटी, हैदराबादची आयआयसीटी, लखनौची सीडीआरआय, या ठिकाणी औषधांच्या अंगाने जाणारं काम चालतं. लखनौ लांब वाटेल, पण नकाशात ठेव.

आणि संस्थेच्या नावाआधी गाइड बघ. त्याच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठ, चहा पाज आणि तीनच गोष्टी विचार. पुढचा प्रयोग कोण ठरवतं? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं? आणि ठरलेल्या विषयाबाहेरचं काही करून बघावंसं वाटलं तर सर काय म्हणतात? विद्यार्थी उत्तर देण्याआधी इकडे-तिकडे बघायला लागला तर चहाचे पैसे दे आणि पुढच्या गाइडकडे जा. हिचिंग्ज नोकरीत भेटला म्हणून एलियनचं डिग्रीवाचून भागलं. पीएचडी असून हिचिंग्ज न भेटलेले तर ढिगाने आहेत.

तोपर्यंत तुझ्या कंपनीतच अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंटला बदली मिळते का ते विचार. तिथे निदान नवी पद्धत बसवताना ‘का’ विचारावाच लागतो. आणि एक वही घाल. एचपीएलसीवर विचित्र काही दिसलं की रात्री घरी आल्यावर तुला काय वाटलं तेवढं तुझ्या शब्दांत लिही. कंपनीचा डेटा नको, बॅच नंबर नको, आलेखाचा फोटो तर मुळीच नको. नुसता प्रश्न. गाइड विचारेल, तुम्हाला कशावर काम करायचंय? तेव्हा ‘ड्रग डिस्कव्हरीत रस आहे’ असं म्हणणाऱ्या पन्नास जणी त्याने पाहिलेल्या असतात.

नेटचा फॉर्म भरलास की कळव. आणि काकांच्या पट्टीवर काय लिहिलेलं निघालं तेही, मला आता उत्सुकता लागली आहे.